रविवारचे कागदी हत्ती: पालकांसाठी सूचना

नमस्कार मंडळी,
१२ ऑगस्टच्या जागतिक हत्ती दिनानिमित्त येत्या रविवारी सकाळी १० वाजता मुलं वाचनालयात हत्तीचे मुखवटे बनवणार आहेत. मुखवट्याच्या नमुन्याची पीडीएफ ग्रुपवर टाकली आहे. प्रिंट कार्डशीटवरच काढा. साध्या कागदाचे कान लोंबतात, नागपूरच्या पावसाळी हवेत तर हमखास. सोंडेसाठी राखाडी कागदाची पट्टी पंख्यासारखी दुमडून आणा, म्हणजे सोंड छान हलते. आपला हत्ती आशियाई: कान लहान, सोंडेच्या टोकाला बोटासारखा एकच उंचवटा. आफ्रिकी हत्तीला दोन असतात. रंगवताना मुलांना हे नक्की दाखवा. गडचिरोलीच्या कमलापूरचे हत्ती कुणी पाहिले असतील तर फोटो जरूर आणा, मुलं हरखून जातील. कात्री बोथट टोकाची हवी. लहानग्यांसोबत घरातल्या एकाने थांबावे.