बंद पेट्रोल पंपाच्या जागेची माती-पाणी तपासणी : सदोष अहवालाबाबत तक्रार

दि. १६ जून २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग
(पर्यावरण तपासणी सेवा)

विषय : पुणे–सातारा रस्त्यालगतच्या बंद पेट्रोल पंपाच्या जागेचा तपासणी अहवाल मागे घेऊन काम नव्याने करून देणेबाबत.

महोदय,

१९८९ ते २०१९ अशी तीस वर्षे भाडेपट्ट्याने पंपासाठी दिलेली आमची जागा टाक्या काढून परत मिळाली आहे. घरबांधणीपूर्वी माती आणि भूजलात इंधन उतरले आहे का, हे पाहण्याचे काम आपल्याकडे दिले. आपला अहवाल पेट्रोलमधल्या चार उडनशील रसायनांबद्दल म्हणतो, ‘बेंझिन, टोल्युइन, एथिलबेंझिन, झायलिन आढळले नाही, जागा स्वच्छ.’ हा निष्कर्ष आम्हाला मान्य नाही. आपल्याच नोंदी पाहता नमुन्यात पेट्रोल असते तरी ते प्रयोगशाळेत पोहोचण्याआधीच उडून गेले असते.

पहिली गोष्ट बोअरच्या जागांची. मातीचे नमुने काढायला चार बोअर घेतले. ते कार्यालयापाशी, हवा भरण्याच्या कोपऱ्यात आणि पुढच्या मोकळ्या आवारात. टाक्यांच्या खड्ड्यात एकही नाही, टँकर रिकामा करण्याच्या तोंडापाशी नाही, डिस्पेन्सरखालच्या (पेट्रोल भरण्याच्या यंत्राखालच्या) पाइपांच्या सांध्यांपाशीही नाही. गळती होते ती याच तीन ठिकाणी. ‘खड्ड्यात भराव असल्याने मशीन नेता आले नाही’ हे कारण आम्ही समजू शकतो, पण मग खड्ड्याच्या कडेला, भूजलाच्या उताराच्या बाजूने बोअर घ्यायला हवा होता.

आता बोअर क्रमांक ३ ची नोंद आपणच काढून पाहावी. ० ते १.८ मीटर काळी माती, ४.६ मीटरपर्यंत मुरूम, खाली कातळ. मुरूम संपतो तिथे, ४.५ मीटरवर, ‘हिरवट-करडा रंग, वास’ असा शेरा आहे आणि वाफमापकाचे (मातीतून निघणारी इंधनाची वाफ मोजणाऱ्या यंत्राचे) वाचन ३८० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत ३८० भाग आहे. १ मीटरवर वाचन २ पीपीएम. प्रयोगशाळेत पाठवला तो १ मीटरचा नमुना! पेट्रोल मुरमातून खाली झिरपते आणि कातळाच्या माथ्यावर अडून आडवे पसरते. वाफमापक बोअरवर नेतात तेच मुळी सर्वांत जास्त वाचनाचा थर निवडण्यासाठी.

नमुना घेण्याची रीतही चुकली. छायाचित्र ११ मध्ये माती ट्रेवर उन्हात पसरलेली आहे आणि ती खुरप्याने झिपच्या पिशवीत भरली जाते आहे. बेंझिन अशा मातीतून काही मिनिटांत उडते. बोअरमधून मातीचा गाभा बाहेर येताच कापलेल्या सिरिंजने सुमारे ५ ग्रॅम माती थेट मिथेनॉलच्या (बेंझिन धरून ठेवणाऱ्या द्रावकाच्या) कुपीत जायला हवी होती.

पाण्याबाबत आमची तक्रार याहून गंभीर आहे. भूजल तपासण्यासाठी आपण घेतलेल्या दोन्ही निरीक्षण-विहिरींत पाणी ७.४ ते ७.९ मीटरवर आहे आणि पाणी आत येऊ देणारा जाळीचा पाइप १८ ते ३० मीटरवर बसवला आहे. पेट्रोल-डिझेल पाण्यापेक्षा हलके, ते पातळीवर तरंगते. वर अखंड केसिंग (बिनछिद्रांचा पाइप) असेल तर तो थर विहिरीत शिरणारच नाही. जाळी पाणी-पातळीच्या खाली-वर दोन्हीकडे हवी; आपल्याकडे पावसाळा-उन्हाळ्यात पातळी काही मीटर हलते, तेही धरून. तेल-पाणी मापक आत सोडल्याची नोंद नाही. निदान पारदर्शक बेलर (दोरीने सोडून पाणी वर काढायची नळी) तरी टाकून पाहायचा.

नमुन्याच्या आदल्या दिवशी दोन तास कॉम्प्रेसरची हवा मारून विहीर साफ केली. पाण्यात हवा सोडणे हा इंधनाने दूषित झालेले भूजल शुद्ध करण्याचाच एक उपाय आहे! त्यानंतर विहिरीला काही दिवस विश्रांती न देता दुसऱ्याच सकाळी एक एचपीच्या सबमर्सिबलच्या पाइपखाली बाटली धरली. अशा कामात मिनिटाला १०० ते ५०० मिलिलिटर इतक्या मंद गतीने उपसा करतात, पातळी १० सेंटिमीटरपेक्षा जास्त खाली जाऊ देत नाहीत, आणि सामू व विद्युतवाहकता स्थिर झाल्यावरच नमुना भरतात.

छायाचित्र १४ मधली एक लिटरची पाण्याची प्लॅस्टिक बाटली खांद्यापर्यंतच भरलेली आहे. वरच्या मोकळ्या जागेत बेंझिन निघून जाते आणि झाकण उघडताच तेही जाते. यासाठी ४० मिलिलिटरची काचेची कुपी असते. पाण्याला घुमट येईपर्यंत भरायची, झाकण लावून उलटी करायची, टिचकी मारायची. एकही बुडबुडा दिसता कामा नये. हायड्रोक्लोरिक आम्लाने सामू २ च्या खाली आणून कुपी बर्फात ४ अंशांवर ठेवली तर १४ दिवस चालते, आम्लाविना ७. आपला नमुना १४ मेचा, चाचणी २७ मेची, आम्ल नाही, आणि पोचपावतीवर तापमानाचा रकाना कोरा. वाटेत दूषण झाले का हे कळण्यासाठी सोबत न्यायची शुद्ध पाण्याची कोरी कुपी आणि मोजणी पडताळण्यासाठीचा दुहेरी नमुना, दोन्ही नाहीत.

इतके होऊनही ‘आढळले नाही’ याचा अर्थ काय? प्रयोगशाळेची मोजमाप-मर्यादा (याहून कमी असेल तर मोजता येत नाही) लिटरला ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे १०० मायक्रोग्रॅम. पिण्याच्या पाण्यातील बेंझिनसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य १० मायक्रोग्रॅम आहे. जवळपास दहापट दूषित पाणीही या चाचणीत ‘स्वच्छ’ ठरले असते. अहवालातल्या ‘ऑइल अँड ग्रीस’च्या (तेल-चरबीच्या) आकड्याचाही आधार नको, त्या चाचणीत द्रावक उडवून उरलेला अंश तोलतात, त्यात पेट्रोलही उडते.

शिसे तपासलेलेच नाही. देशभर शिसेमुक्त पेट्रोल २००० साली आले, म्हणजे हा पंप अकरा वर्षे शिसेयुक्त पेट्रोल विकत होता. नकाशावर भूजल-प्रवाहाचा बाण आहे, पण दोन विहिरींवरून दिशा काढता येत नाही. किमान तीन लागतात, आणि तिन्हींच्या केसिंगच्या माथ्याची उंची लेव्हलने (सर्वेक्षणाच्या यंत्राने) मोजलेली लागते. आपला बाण जमिनीच्या उताराकडे बघून काढलेला दिसतो. त्याच बाजूला शेजारच्या दोन इमारतींचे बोअर आहेत, आणि उन्हाळ्यात तिथली मुले तेच पाणी पितात.

आमच्या मागण्या :

सध्याचा अहवाल लेखी मागे घ्यावा, म्हणजे तो कोणत्याही परवानगीसाठी वापरला जाणार नाही. बोअर ३ ची राखून ठेवलेली माती फेकू नये. पावसाची उघडीप मिळताच टाक्यांचा खड्डा, टँकरचे तोंड आणि डिस्पेन्सर इथे नवे बोअर घ्यावेत. तीन विहिरी योग्य खोलीच्या जाळीने, वर बेन्टोनाइटची (पाण्याने फुगणाऱ्या चिकणमातीची) बूच मारून बांधाव्यात. पाण्याच्या दोन फेऱ्या कराव्यात, ऑक्टोबरअखेर आणि पुढच्या मेमध्ये. नमुन्यांची चाचणी बेंझिनसाठी लिटरला १ मायक्रोग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या, एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून व्हावी. शिसे, तसेच इंधनातली एमटीबीई (पेट्रोलमध्ये मिसळायचे रसायन) आणि नॅप्थलीनही तपासावे. शेजारच्या दोन्ही बोअरचे नमुने त्या इमारतींच्या परवानगीने आधी, याच महिन्यात घ्यावेत.

हे काम जादा आकारणीशिवाय व्हावे. उरलेली ४० टक्के रक्कम आम्ही त्यानंतरच देऊ. पंधरा दिवसांत कामाचे वेळापत्रक लेखी कळवावे.

आपले विश्वासू,
जागेचे सहमालक

सोबत : बोअर क्र. ३ ची नोंद, छायाचित्रे ११ व १४, प्रयोगशाळेची पोचपावती (प्रती)