रविवारी रात्री बारापर्यंत अर्ज करा म्हणे!

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला लेख वाचला, युरोपियन युनियनने कोरोनानंतर सदस्य देशांना सावरायला दिलेल्या निधीवरचा. कालच लिहिणार होते पण म्हटलं राग शांत होऊ दे, आज मुलं झोपल्यावर लिहितेय आणि राग आहे तिथेच आहे. लेखकाने मेहनत घेतलीय हे कबूल. पण सगळा सूर असा की युरोपने ठरवलं आणि करून दाखवलं, आपण बसलोय नुसत्या घोषणा करत. अहो, आम्ही 11 वर्षं जर्मनीत राहतोय, आम्हाला कुणी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

आकड्यांशी माझं भांडण नाही. निधी घेणाऱ्या प्रत्येक देशाने खर्चाच्या आराखड्यात किमान 37 टक्के पैसा हवामानासाठी आणि 20 टक्के डिजिटलसाठी दाखवायचा हा नियम, त्यात जर्मनीच्या आराखड्यात 42 आणि 52 टक्के, म्हणून लेखकाने पाठ थोपटली. ठीक आहे. ते टक्के आराखड्यातले आहेत एवढंच म्हणणं आहे. आराखड्यातलं आमच्या दारात कसं पोचलं ते सांगते.

इलेक्ट्रिक गाडीची सबसिडी हे लेखातलं लाडकं उदाहरण. आम्ही 2023 च्या मार्चमध्ये गाडी बुक केली, छोटीच, चाळीस हजार युरोच्या आतली, म्हणजे सरकारकडून 4,500 युरो मिळणार होते. त्यावेळच्या भावाने चार लाख रुपये. सबसिडी नसती तर आम्ही जुनीच पेट्रोलची गाडी अजून पाच वर्षं ओढली असती, हे स्पष्ट सांगते, आम्ही काही पर्यावरणवाले वगैरे नाही. डीलर म्हणाला सप्टेंबरमध्ये गाडी देतो. सप्टेंबरचं नोव्हेंबर झालं, मग त्याचा मेल आला की जानेवारीत नक्की. आता यातली गंमत अशी की अर्ज बुकिंगवर करताच येत नाही, गाडी तुमच्या नावावर नोंदली गेली की मगच करायचा. म्हणजे बुक करताना सबसिडी धरून हिशोब मांडायचा, कर्जही त्याच हिशोबाने काढायचं, पण ती मिळणार की नाही हे डीलर गाडी कधी देतो त्यावर.

16 डिसेंबर 2023, शनिवार. आम्ही मुलांना घेऊन मराठी शाळेच्या कार्यक्रमाला गेलो होतो. तिळगुळाच्या गाण्याची प्रॅक्टिस चालली होती आणि व्हॉट्सॲपवर मेसेज आला की सबसिडी बंद, रविवार 17 तारखेपर्यंत येतील तेवढेच अर्ज घेणार. नवरा म्हणाला फेक फॉरवर्ड असेल, जर्मनीत असं कुणी करत नाही. मग त्याने सरकारी वेबसाइट उघडली आणि गप्प बसला.

शनिवारी जाहीर करायचं आणि रविवारी संपवायचं! ज्यांना जर्मनीचा रविवार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, इथे रविवारी साधं दूध संपलं तर पेट्रोल पंपावर जावं लागतं किंवा शेजाऱ्याकडे मागावं लागतं. दुकानं बंद, डीलर बंद, गाडी नोंदणीचं ऑफिस बंद. बरं, उघडं असतं तरी काय, गाडी अजून कारखान्यात. तरी नवऱ्याने सोमवारी सकाळी डीलरला फोन लावलाच. तिकडून उत्तर, "आमच्या हातात काही नाही." काही कंपन्यांनी सरकारचा वाटा स्वतः भरून दिला, तेही पेपरात वाचलं आणि आमच्या ओळखीतल्या दोघांना मिळालासुद्धा. आमच्या डीलरने जानेवारीत किल्लीबरोबर एक फुलांचा गुच्छ आणि चॉकलेटचा बॉक्स दिला. साडेचार हजार युरोचं चॉकलेट आम्ही तिघी-चौघांत वाटून खाल्लं, बरं होतं.

लेखात या दिवसाचा उल्लेखच नाही. एक ओळ आहे, "नंतर योजना टप्प्याटप्प्याने आटोपली." टप्प्याटप्प्याने? दीड दिवसाचा गणपतीसुद्धा याहून निवांत जातो.

आणि बंद का झाली हेही गाळलंय, खरी गोष्ट तर तिथेच आहे. कोरोनासाठी म्हणून 60 अब्ज युरोचं कर्ज काढायची परवानगी सरकारने घेतलेली होती, ते लागलं नाही, मग नव्या सरकारने ते हवामानाच्या फंडात वळवलं, आणि गाड्यांची सबसिडी याच फंडातून यायची. विरोधी पक्ष कार्ल्सरूहच्या घटनात्मक कोर्टात गेला आणि 15 नोव्हेंबर 2023 ला कोर्टाने सांगितलं, हे चालणार नाही. कोर्टाचं बरोबरच आहे म्हणा. आमच्या गावात विकास सोसायटीतून आजारपणासाठी उचल घेतली आणि उरले म्हणून घराच्या स्लॅबला लावले तर सेक्रेटरी दारात येऊन उभा राहील. पण फंडात एका रात्रीत खड्डा पडला आणि तो बुजवायला पहिली काय सापडली, तर आमच्यासारख्यांची सबसिडी. युरोपच्या निधीतले अडीच अब्ज युरो याच गाड्यांच्या सबसिडीसाठी दाखवलेले होते, म्हणजे ब्रसेल्सच्या, युरोपियन युनियनच्या मुख्यालयाच्या, कागदावर टिक पडलेली आहे आणि तुमच्या लेखकाने ती टिक वाचून लेख लिहिलाय. शिवाय युरोपने हे सगळं स्वतः कर्ज काढून वाटलंय, फेड 2058 पर्यंत चालणार. तेव्हा माझी धाकटी पंचेचाळिशीची असेल आणि गाडी भंगारात.

डिजिटलचं तर बोलूच नका. 575 सरकारी सेवा 2022 संपेपर्यंत ऑनलाइन आणायच्या असा इथे कायदाच होता, त्यासाठी कोरोनाच्या पॅकेजमधून 3 अब्ज युरो दिले, मुदत गेली आणि बहुतेक सेवा तिथेच राहिल्या. मागच्या वर्षी सासूबाईंना बोलवायचं म्हणून एका सरकारी ऑफिसचा फॉर्म भरला. ऑनलाइन बरं का. सगळं भरून शेवटचं बटण दाबलं तर पीडीएफ आली, ती प्रिंट करा, सही करा आणि पोस्टाने पाठवा. किंवा फॅक्स करा! माझ्या मुलाने विचारलं आई फॅक्स म्हणजे काय, मी त्याला सांगितलं की साताऱ्याला पोवई नाक्यावर एसटीडी बूथ असायचा ना, पण तो बूथही त्याला माहीत नाही. शेवटी पोस्टाने पाठवलं. तीन आठवड्यांनी पत्र आलं की सही निळ्या शाईत नाही, काळ्या शाईत आहे म्हणून ती झेरॉक्स वाटते.

उलट माझ्या भावाने साताऱ्यात छपरावर तीन किलोवॉटचं सोलर बसवलं, 78,000 रुपये सबसिडी थेट खात्यात जमा, महिनाभरात. म्हणून तिकडे सगळं छान आणि इकडे सगळं वाईट असं मला म्हणायचं नाही, भावालाच पीकविम्याबद्दल विचाराल तर दुसरं पत्र छापावं लागेल. पण "युरोपकडून शिका" म्हणून जे शेवटचे दोन पॅरे आहेत ते लिहिण्याआधी इथल्या एखाद्या मराठी मंडळाला फोन केला असता तर काय बिघडलं असतं? वाटल्यास आम्ही रविवारी उचलला असता.

लेखाबरोबरचा पवनचक्क्यांचा फोटो "जर्मनीतील हरित क्रांती" म्हणून छापलाय, त्या मागचं पठार मला तरी आमच्या साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीसारखं दिसतंय, तिथेही पवनचक्क्या आहेत. एकदा तपासून बघा.

गाडी मात्र चांगली चालते, तिच्याबद्दल तक्रार नाही.

जाता जाता एक. तुमच्या ई-पेपरची वर्गणी भरायची म्हणून मी तीनदा प्रयत्न केला, ओटीपी फक्त भारतातल्या मोबाईलवर येतो. मग दरवेळी भावाला व्हिडिओ कॉल, तो शेतात, त्याला रेंज नाही, ओटीपी सांगेपर्यंत दोन मिनिटं संपलेली. वर्गणी भरायला तयार असलेल्या माणसाचे पैसे घेता येत नसतील तर जर्मनीच्या फॅक्सला मी तरी काय नावं ठेवू? कालचा लेखही भावाने फोटो काढून पाठवला म्हणून वाचता आला, कडेची दोन अक्षरं कापलेली होती.

आपली,
एक वाचक (मूळ सातारा, सध्या दक्षिण जर्मनी)