सांगणाऱ्याचा हक्क आधी

मा. संपादक महोदय,

मानवी हक्कांचे शिक्षण कलमांच्या पाठांतरापुरते न ठेवता, अन्याय सोसलेल्या माणसांचे कथन वर्गात ऐकवावे, हा आग्रह स्वागतार्ह आहे. कलम वाचून हक्काची व्याख्या कळते. तो हिरावला गेला म्हणजे नेमके काय होते, हे मात्र ज्याच्यावर ती वेळ आली त्याच्या अडखळत्या बोलण्यातूनच उमगते. चिंता वाटते ती हे कथन मिळवण्याच्या आणि वापरण्याच्या घाईची.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९ डिसेंबर २०११ रोजी स्वीकारलेल्या मानवी हक्क शिक्षण व प्रशिक्षणाच्या जाहीरनाम्यात, शिकवणारे आणि शिकणारे या दोघांच्याही हक्कांचा आदर राखूनच हे शिक्षण दिले जावे, असे म्हटले आहे. मौखिक इतिहास, म्हणजे माणसांच्या तोंडून ऐकून नोंदवलेले असे अनुभव, वर्गात आला की तिथे तिसरी व्यक्तीही येते, ती म्हणजे सांगणारी. १९४८च्या मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्यातील बारावे कलम खासगी आयुष्यातील मनमानी हस्तक्षेपापासून प्रत्येकाला संरक्षण देते. ते शिकवताना एखाद्याची व्यथा त्याच्या नकळत पडद्यावर दाखवणे विसंगतच नव्हे काय?

संमती म्हणजे मुलाखतीपूर्वी घेतलेली एक सही, असा समज फार रूढ आहे. सहीनंतरही काय घडू शकते, याचे एक उदाहरण पाहा. अमेरिकेतील बॉस्टन कॉलेजच्या मौखिक इतिहास प्रकल्पात २००१पासून उत्तर आयर्लंडमधील सशस्त्र संघर्षात सहभागी झालेल्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करण्यात आल्या. आपल्या हयातीत त्या उघड होणार नाहीत, असे आश्वासन त्यांना देण्यात आले होते. २०११मध्ये पोलीस तपासासाठी समन्स निघाले आणि न्यायालयीन लढ्यानंतर त्यांतील काही मुलाखती तपास यंत्रणेच्या हाती द्याव्या लागल्या. जे पाळणे आपल्या हाती नाही, त्याचे वचन मुलाखतकाराने देऊ नये, हा धडा त्यातून घ्यायला हवा होता. (इंटरनेटवर टाकलेली ध्वनिफीत परत घेणे तर याहून अवघड.)

म्हणून शब्दांकन झाल्यावर ते सांगणाऱ्याला वाचून दाखवावे, नको असलेला भाग गाळण्याची मुभा द्यावी, आणि खरे नाव वापरायचे की टोपणनाव, हे त्यालाच ठरवू द्यावे. वर्गासाठी उतारा निवडताना फक्त रडण्याचा प्रसंग उचलण्याचा मोह मला सर्वांत घातक वाटतो. त्या माणसाने पुढे दिलेला लढा, त्याचा राग, क्वचित त्याचा विनोदही गाळला गेला, तर विद्यार्थ्यांच्या मनात दया तेवढी उरते आणि हक्काचा मुद्दा बाजूला पडतो. स्मृतीत तारखांची सरमिसळ होते, हेही लपवू नये. कथनाशेजारी त्या काळची कागदपत्रे ठेवली, तर विद्यार्थी साक्ष तपासायलाही शिकतात आणि तिचा मान राखायलाही. वर्गातील एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी असेच काही घडले असेल, तर त्याला सर्वांसमोर बोलते करण्याचा प्रयत्न मात्र कोणीही करू नये.

शाळांनी असे प्रकल्प हाती घेताना मुलाखतीइतकाच वेळ त्यानंतरच्या दुसऱ्या भेटीसाठी राखून ठेवावा, आणि त्या भेटीत सांगणाऱ्याने ‘नको’ म्हटले तर ध्वनिमुद्रण विनातक्रार त्याच्या स्वाधीन करावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक