शिकण्याला प्रमाणपत्राची अट कशाला?

महोदय,

निवृत्तीनंतरच्या शिक्षणाविषयी आपल्या रविवार पुरवणीत प्रसिद्ध झालेला लेख वाचला. उतारवयातही नवे काही शिकत राहावे, हा त्यातील आग्रह मनापासून पटला. मात्र त्यासाठी प्रमाणपत्र देणाऱ्या अभ्यासक्रमात नाव नोंदवणे हाच खात्रीचा मार्ग, हे लेखकाचे मत मान्य होण्यासारखे नाही. शुल्क भरल्याने शिस्त लागत नाही. प्रौढ वयातील शिक्षण टिकते ते त्यासाठी रोज नेमाने काढलेल्या वेळेमुळे आणि चूक दाखवणारा कोणीही असो, त्याचे ऐकून घेण्याच्या तयारीमुळे.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८८६च्या सुमारास सरकारी वित्त समितीच्या कामासाठी कलकत्त्यास राहिले होते. वयाच्या चव्वेचाळिशीत, समितीचे काम सांभाळून, ते तेथे बंगाली शिकू लागले. दाढी करायला आलेल्या न्हाव्यापुढे पुस्तक मोठ्याने वाचत आणि अडलेल्या शब्दांचे उच्चार व अर्थ त्यालाच विचारत, असे रमाबाईंनी आपल्या आठवणींत नोंदवले आहे. १८७३मध्ये विवाह झाला तेव्हा रमाबाईंना स्वतःला अक्षरओळखही नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे या नोंदीचे मोल अधिकच जाणवते.

आज गावोगावी सार्वजनिक ग्रंथालये आहेत आणि शिकवू शकतील अशी माणसे तर घरोघरी आहेत. लेखमालेच्या पुढील भागात अभ्यासक्रमांच्या यादीबरोबरच, कोणत्याही संस्थेत नाव न घालता रोज थोडे थोडे शिकणाऱ्या वाचकांचे अनुभवही आवर्जून छापावेत, ही विनंती.

— एक वाचक, सातारा