नाना, सौदा मोडलेला नाही

जळगाव

ती. आई आणि ती. नाना यांस शि. सा. नमस्कार.

काल नाना "तुझं तू बघ" म्हणाले आणि फोन आईच्या हातात दिला. म्हणून लिहायला बसले. कागदावर मला मधेच कोणी तोडत नाही.

घराचा सौदा मोडलेला नाही, खरेदीखत तेवढं थांबवलंय. वकिलांमार्फत मालकांना तसं कळवूनही झालं. आई, आखाजीची घागर नव्या घरात भरायचं तुझ्या मनात होतं, ते मला ठाऊक आहे गं. यंदा जुन्या घरातच भर. मी येते, सांजोऱ्या आपण मिळून करू.

नाना, घर तुम्ही पाहून पसंत केलं म्हणून तुम्ही स्वतःला बोल लावून घेताय. अजिबात लावू नका. सौदापावती झाली मार्गशीर्षात. तेव्हा पावसाची ओल जमिनीत होती, काळी माती फुगलेली, भेगा मिटलेल्या. वर पुट्टी, ताजा रंग आणि पुढ्यात लोखंडी कपाट. कोणाला दिसणार? आता चैत्राच्या उन्हाने माती आकसली. सुताराला मापं घ्यायला नेलं, त्याने कपाट सरकवलं, तर जोत्यापासून छतापर्यंत तिरपी भेग. माझं बोट पहिल्या पेरापर्यंत आत गेलं. आत पुट्टीचे थर दिसतात, एक पिवळट, एक पांढरा. म्हणजे याआधीही ती बुजवलेली आहे. इंजिनिअरने कोपऱ्यात खड्डा घेऊन पाहिलं. पाया मुरमापर्यंत गेलेलाच नाही, काळ्या मातीतच थांबलाय. पुट्टी ज्यांनी भरली त्यांना हे माहीत नव्हतं, असं कसं म्हणायचं?

"दिलेला शब्द" म्हणता, तर वकिलांनी दाखवलं ते सांगते. 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम 55. पावतीत वेगळं काही ठरलेलं नसेल, तर विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला साध्या नजरेने न सापडणारा मोठा दोष विकणाऱ्याने सांगायलाच हवा. दडवला तर ती लबाडीच धरतात. आपल्या पावतीत 'आहे त्या स्थितीत' वगैरे काही नाही, मी दोनदा वाचली. मागच्या दाराची कुजलेली चौकट आपण डोळ्यांनी पाहिली होती, तिचा खर्च आपला. त्याबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही.

बिल्डरकडून नवं घर घेतलं असतं तर रेरा कायद्याप्रमाणे ताब्यापासून 5 वर्षं असली दुरुस्ती त्याच्याच गळ्यात असती. आपण घेतोय ते घर आधीच वापरातलं, राहत्या मालकाकडचं, तिथे ती सोय नाही. खरेदीखत झालं की कोर्टाच्या पायऱ्या आल्या. म्हणून आत्ताच मालकांना कळवलंय: पाया मजबूत करून द्या, नाहीतर तेवढी किंमत कमी करा, तेही नको तर इसार परत द्या. आणि इसार बुडेल म्हणून झोप मोडू नका. रास्त कारणाने आपण ताबा नाकारला तर त्या रकमेचा बोजा त्यांच्या घरावरच राहतो.

खरं तर कायदा कशाला हवा होता? वरखेडीच्या बाजारात पांढऱ्या बैलाच्या वेळी तुम्ही काय केलंत? गिऱ्हाईक पैसे मोजत होतं आणि तुम्ही "डावा खांदा आलाय याचा, बघून घे" म्हणालात. आई आठवडाभर धुसफुसत होती. मी त्याच माणसाची मुलगी आहे.

आणखी एक, रागवू नका. पावसाळ्यापुरतं माझ्या गल्लीतच तळमजल्याचं घर भाड्याने घेतलंय. माझ्याकडे तिसरा मजला, लिफ्ट नाही, आईचे गुडघे असे. वाट बघायला लावणार नाही, दोन्ही वेळा येऊन जाईन. कमोड आहे, कूलर लावलाय, मागे चूल मांडण्यापुरतं अंगण आहे. खापर सोबत घ्या, नाहीतर पुरणाच्या मांड्यांवाचून श्रावणात आईचं तोंड उतरेल.

मृगात घराचं मातीचं धाबं गळायचं तेव्हा आई पातेली मांडायची आणि नाना मला घोंगडीत गुंडाळून कोरडा कोपरा शोधत फिरायचे. मला तेव्हा ती मजा वाटायची. आता आभाळ भरून आलं की पोटात गोळा येतो.

तर नाना, यंदा खारी माती टाकायला धाब्यावर चढायचं नाही. गडी सांगा, पैसे मी देते. बीपीची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. मालकांचे मेहुणे चहाला बोलावतील, खुशाल प्या, पण कुठल्याही कागदावर सही करू नका. आई, तू लक्ष ठेव, नाना भिडेला बळी पडतात.

सौदापावतीची मूळ प्रत ट्रंकेत लाल पिशवीत आहे. शनिवारी येईन तेव्हा काढून ठेवा, झेरॉक्स नको.

तुमची
बेबी