तपासण्यांचे आकडे मिळाले. रुग्णांचे पुढे काय झाले?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विदर्भातील सिकलसेलच्या, म्हणजे लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकून वेदनेचे झटके येणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या, तपासणीच्या बातम्या आपल्या दैनिकात नियमित येतात. किती गावांत शिबिरे झाली, किती जणांचे रक्तनमुने घेतले, त्यांत वाहक (एकाच पालकाकडून सदोष जनुक आलेले) किती आणि ग्रस्त किती निघाले, किती जणांना कार्डे दिली, हे त्यांतून समजते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाने चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले आहे आणि २०४७ पर्यंत या आजाराच्या निर्मूलनाचे उद्दिष्ट जाहीर केले आहे; तेव्हा तपासणीचे आकडे मोठे असणार हे उघड आहे आणि त्यांना माझा आक्षेप नाही. परंतु ज्या मुलाचा अहवाल ‘एसएस’ आला, म्हणजे दोन्ही पालकांकडून सदोष जनुक येऊन जे ग्रस्त निघाले, त्याचे पुढच्या चार-पाच वर्षांत काय झाले, हे कोणत्याही बातमीत माझ्या वाचनात येत नाही, आणि मला तोच आकडा सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

मी डॉक्टर नाही. संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालो असून सध्या येथील एका रुग्णालयाच्या नीतिसमितीवर वैद्यकक्षेत्राबाहेरचा सदस्य म्हणून काम करतो. नवीन औषधे आणि त्यांच्या चाचण्यांविषयीच्या २०१९ च्या नियमांनुसार अशा समितीवर किमान सात सदस्य आणि त्यांत एक सामान्य नागरिक असावाच लागतो. संमतिपत्र रुग्णाला कळेल अशा मराठीत आहे का, हे पाहणे माझे मुख्य काम. पण सवयीमुळे मी प्रत्येक संशोधकाला आणखी एक प्रश्न विचारतो. उपचाराने रुग्णाला फायदा झाला हे तुम्ही कशावरून ठरवणार? बहुतेक वेळा उत्तरात रक्ततपासणीतील एखाद्या घटकाचे नाव येते. रुग्णाच्या दिवसांविषयी, म्हणजे तो किती दिवस कामावर किंवा शाळेत गेला, किती रात्री वेदनेत काढल्या, किती वेळा भरती झाला, याविषयी क्वचितच काही ऐकायला मिळते.

हा फरक किती महत्त्वाचा असतो, याचे ताजे उदाहरण सिकलसेलच्याच औषधाचे आहे. व्हॉक्सेलोटॉर या गोळीने रुग्णांचे हिमोग्लोबिन वाढते, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. अधिक मात्रा घेणाऱ्यांपैकी ५१ टक्के रुग्णांत ते एक ग्रॅमहून अधिक वाढले, तर औषधविरहित गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ७ टक्के होते. तेवढ्या आधारावर अमेरिकेत त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये औषधाला त्वरित मान्यता मिळाली. वेदनेचे झटके मात्र त्या चाचणीत लक्षणीयरीत्या कमी झाले नव्हते. पुढच्या अभ्यासांतून वेदनेचे झटके आणि मृत्यू औषध घेणाऱ्यांत अधिक असल्याचे दिसू लागले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने हे औषध जगभरातून मागे घेतले. रक्ताच्या अहवालातला आकडा सुधारत होता, रुग्ण सुधारत नव्हता.

याच्या उलट हायड्रॉक्सियुरिया या सिकलसेलवरील जुन्या औषधाची गोष्ट आहे. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत २९९ प्रौढ रुग्ण होते आणि मोजायचे होते ते वेदनेचे झटके. औषध घेणाऱ्यांत वर्षाला झटक्यांचा मध्यक (क्रमाने लावल्यास मधोमध येणारी संख्या) २.५ आला, तर दुसऱ्या गटात तो ४.५ होता, आणि फायदा इतका स्पष्ट दिसला की चाचणी ठरल्या वेळेआधीच थांबवण्यात आली. या अभ्यासात मागील वर्षी किमान तीन झटके आलेल्यांनाच घेतले होते, ही बाब एका संख्याशास्त्राच्या शिक्षकाला विशेष महत्त्वाची वाटते. ज्या रुग्णाचे मागचे वर्ष फार वाईट गेले, त्याचे पुढचे वर्ष काहीही न करता थोडे बरे जाण्याची शक्यता असतेच. म्हणून तुलनेला दुसरा गट नसेल, तर कोणत्याही काढ्याला, अंगाऱ्याला किंवा महागड्या इंजेक्शनला गुण आल्याचा भास होतो. ‘आमच्याकडे आल्यापासून पेशंटला बरे वाटते आहे’ हे वाक्य मी अनेक तज्ज्ञांकडून ऐकले आहे. ते खोटे नसते, पण पुरावाही नसतो.

नागपूरला या विषयात दुसऱ्याकडे पाहावे लागू नये, एवढी पूर्वपीठिका आहे. मध्य भारतातील सिकलसेल वाहकांविषयीचा शुक्ला आणि सोळंकी यांचा लेख १९५८ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये आला. येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, म्हणजे ‘मेडिकल’च्या, बालरोग विभागातील डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी तीव्र आजार असलेल्या ६० मुलांवर हायड्रॉक्सियुरियाच्या कमी मात्रेची, वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १० मिलिग्रॅमची, चाचणी केली आणि ती २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. कोणत्या मुलाला औषध आणि कोणाला नुसती गोळी, हे चिठ्ठीने ठरवले होते आणि ते डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. औषध घेणाऱ्या मुलांचे झटके, रक्त चढवण्याची गरज आणि रुग्णालयातील भरती लक्षणीयरीत्या कमी झाली. २०१६ मध्ये नवजात बालकांच्या तपासणीचा आणि त्यांतील ग्रस्त बालकांच्या पुढील प्रकृतीचा नागपूरचाच अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्याकडचा सिकलसेल सौम्य असतो, हा समज त्याने मोडीत काढला. तीव्र रक्तक्षय, वेदना आणि जंतुसंसर्ग यांच्या नोंदी त्यात आहेत. या शहरात मुलांचा असा पाठपुरावा करता येतो, हे त्यामुळे सिद्धच झाले आहे.

येथेच व्यक्तिनिहाय उपचाराचा प्रश्न येतो. भारतातील बहुतेक रुग्णांत सिकलसेलच्या जनुकाचा जो उपप्रकार आढळतो, त्याला अरब-भारतीय म्हणतात आणि त्यात गर्भातील बाळात असणाऱ्या हिमोग्लोबिनचे प्रमाण मोठेपणीही तुलनेने जास्त राहते. हे हिमोग्लोबिन पेशींना वाकू देत नाही, म्हणून काहींचा आजार सौम्य राहतो. शिवाय कोणाला सोबत अल्फा थॅलॅसेमिया हा हिमोग्लोबिनचा दुसरा आनुवंशिक दोष असतो, कोणाला नसतो. परिणामी एकाच घरातील दोन भावंडांचे अहवाल सारखे असूनही एक जण वर्षानुवर्षे रुग्णालयाची पायरी चढत नाही आणि दुसऱ्याची दर पावसाळ्यात भरती होते. या दोघांना एकच मात्रा कशी लागू पडेल? युगांडात कंपाला येथे मुलांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाला किलोमागे सुमारे २० मिलिग्रॅमची ठरावीक मात्रा दिली, तर दुसऱ्या गटात प्रत्येक मुलाच्या रक्तपेशींकडे पाहत मात्रा त्याला सोसेल तेवढी वाढवत नेली. हिमोग्लोबिनची अपेक्षित पातळी दुसऱ्या गटातील ८६ टक्के मुलांनी गाठली, पहिल्यातील ३७ टक्क्यांनी. झटके आणि भरतीही दुसऱ्या गटात कमी झाली आणि औषधाच्या विषारी दुष्परिणामांचे प्रमाण वाढले नाही. मग विदर्भातील मुलाला किलोमागे १० मिलिग्रॅम पुरेसे की २५ हवेत? काहींना १० पुरतील आणि काहींना नाही, असा माझा तर्क आहे. कोणाला किती, हे आपल्याच मुलांच्या काळजीपूर्वक नोंदींतून ठरवावे लागेल. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. वजनकाटा, वेळेवर होणारी रक्ततपासणी, लिहिणारा माणूस आणि पुढच्या महिन्यात परत येणारा रुग्ण एवढेच लागते.

त्यातही एक अडचण आहे, जी समित्यांच्या चर्चेत येत नाही, पण औषधाच्या दुकानात दिसते. हे औषध मुख्यतः ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये मिळते. बारा किलोच्या मुलाला किलोमागे २० या हिशेबाने २४० मिलिग्रॅम लागतात. मात्रा शास्त्रशुद्ध ठरवायची आणि घरी आईने कॅप्सूल उघडून पावडरीचे अंदाजाने भाग करायचे, तेही पेशींवर परिणाम करणाऱ्या, हाताळताना जपावे लागणाऱ्या औषधाचे! मुलांसाठी कमी मात्रेचे औषध तयार करण्यासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२४ मध्ये उत्पादकांकडून प्रस्ताव मागवले, हे चांगले झाले. ते प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटापर्यंत कधी पोहोचते ते पाहायचे.

आता पाठपुराव्याविषयी. नागपूरच्या मेडिकल, मेयो आणि एम्स या शासकीय रुग्णालयांमध्ये गडचिरोली, गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, तसेच छिंदवाडा आणि बालाघाट येथूनही रुग्ण येतात. त्यांतले अनेक पुन्हा येत नाहीत आणि अहवालात अशा रुग्णांपुढे ‘संपर्क तुटला’ असे लिहून ते हिशेबातून वगळले जातात. समजा १०० मुलांची नोंद झाली, वर्षाअखेर ६० आली आणि त्यांतली ५५ ठीक आढळली. ‘९२ टक्के मुले ठीक’ असे छापता येईल, परंतु खरा आकडा ५५ पासून ९५ पर्यंत कुठेही असू शकतो. न आलेल्या ४० पैकी काही बरी असतील म्हणून आली नसतील, काहींच्या बापाची त्या आठवड्यात धान रोवणी असेल, काही या जगात नसतील. एसटीची प्रवास सवलत असली, तरी बुडालेली रोजी कोणी देत नाही. न आलेल्यांना शोधणे हेच अशा संशोधनाचे सर्वांत कष्टाचे आणि सर्वांत मोलाचे काम आहे, आणि ते आशा सेविकेशिवाय होणार नाही. तिच्याकडे आणखी एक रजिस्टर सोपवून मानधन मात्र तेवढेच ठेवायचे, असा आपला रिवाज आहे. तो येथे चालणार नाही.

नवजात बालकांच्या तपासणीलाही हेच लागू आहे. लवकर निदान झालेल्या लहान मुलांना नियमित पेनिसिलिन दिल्यास न्यूमोकॉकस जंतूंचा गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी घटतो, हे १९८६ मधील अमेरिकी चाचणीने दाखवले आणि तेथे जन्मतः तपासणी करण्याला त्यामुळेच बळ मिळाले. निदानामागून औषध आणि लस आली नाही, तर कार्ड हातात पडून मुलाच्या प्रकृतीत काय फरक पडणार?

विषय थोडा बाजूला जाईल, पण हेही लिहिले पाहिजे. नागपुरातील रामदासपेठ आणि धंतोलीच्या दवाखान्यांभोवती अलीकडे ‘तुमच्या जनुकांनुसार औषध आणि आहार’ अशी पॅकेजेस विकली जातात. सगळीच निरर्थक आहेत असे नाही. कार्बामाझेपिन हे अपस्मारावरील औषध देण्याआधी एचएलए-बी*१५:०२ या जनुकप्रकाराची तपासणी करून तो असलेल्यांना ते औषध टाळले, तेव्हा तैवानमधील ४,८७७ जणांपैकी एकालाही त्या औषधाने होऊ शकणारी, त्वचा सोलून निघणारी जीवघेणी प्रतिक्रिया झाली नाही. पूर्वीच्या प्रमाणानुसार सुमारे दहा जणांना ती होणे अपेक्षित होते. युरोपातील सात देशांत सुमारे सात हजार रुग्णांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बारा जनुके पाहून औषधे ठरवल्यावर त्रासदायक दुष्परिणाम ३० टक्क्यांनी कमी झाले. आपल्या गडचिरोलीत तर हिवतापासाठी प्रायमाक्विन देताना जी-सिक्स-पीडी या रक्तपेशींतील विकराची (एन्झाइमची) कमतरता आहे का, हे पाहणे त्याहून जवळचे आणि स्वस्त आहे. या कमतरतेचा आणि प्रायमाक्विनने रक्तपेशी फुटण्याचा संबंध १९५६ पासून ज्ञात आहे. या तपासण्यांच्या मागे रुग्णांत मोजलेला परिणाम आहे. चकचकीत पुस्तिकेतील ‘तुम्हाला कोबी मानवेल’ या सल्ल्यामागे तसा पुरावा मागावा आणि मगच पैसे द्यावेत.

दुसऱ्या टोकाला रुग्णाच्याच मूळपेशींत जनुकीय दुरुस्ती करणारा उपचार आहे. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि त्याची किंमत २२ लाख डॉलर जाहीर झाली. विज्ञानाची ती मोठी झेप आहे, पण गडचिरोलीतील दुर्गम भामरागडच्या मुलाला आज उपयोगी पडेल ते योग्य मात्रेचे हायड्रॉक्सियुरियाच.

म्हणून अभियानाच्या अधिकाऱ्यांना आणि येथील तिन्ही शासकीय संस्थांना माझी विनंती आहे की, प्रत्येक ग्रस्त रुग्णाची वर्षातून एकदा मोजकीच माहिती एकत्र करून नाव-गाव वगळून जिल्हानिहाय प्रसिद्ध करावी: तो हयात आहे का, किती दिवस भरती होता, किती पिशव्या रक्त लागले, वेदनेमुळे शाळा किंवा मजुरी किती दिवस बुडाली, हायड्रॉक्सियुरिया किलोमागे किती चालू आहे आणि किती महिने ते मिळालेच नाही. शोधूनही न सापडलेल्यांची संख्या वेगळ्या रकान्यात द्यावी, ती लपवू नये. या नोंदी रुग्णाच्या संमतीने व्हाव्यात आणि गावात कोणा मुलीच्या लग्नाच्या आड येणार नाहीत इतक्या जपून ठेवाव्यात, कारण लोक तपासणी टाळतात त्यामागे हेही एक मोठे कारण आहे.

आपल्या वार्ताहरांनाही एक विनंती. १९ जूनला जागतिक सिकलसेल दिनी पत्रकार परिषदा होतात आणि तपासण्यांची नवी संख्या दिली जाते. या वर्षी ती संख्या टिपून घेतल्यावर त्यांनी एवढेच विचारावे: तीन वर्षांपूर्वीच्या शिबिरांत जी मुले ग्रस्त निघाली होती, त्यांपैकी आज किती जणांना औषध चालू आहे आणि बाकीची कुठे आहेत?

आपला,
संख्याशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक,
नागपूर