मित्रास पत्र : शेपटाकडून शब्दाकडे

सांगली,
रविवार, सकाळ

प्रिय सदा,

तुझं पत्र काल मिळालं. लेस्टरची थंडी, वहिनींचा गुडघा, मुलाची नवी नोकरी, या सगळ्यावर फोनवर बोलूच. पण त्यातलं एक वाक्य मला टोचलं, म्हणून हे पत्र. नातवाबरोबर 'काउंटडाउन' हा इंग्लंडच्या टीव्हीवरचा शब्दखेळ बघतोस, पाटीवर नऊ अक्षरं लागतात, तो सात-आठ अक्षरांचे शब्द भराभर काढतो आणि तू चार-पाचवर अडकतोस. कारण म्हणून लिहिलंस, "आपण मराठी माध्यमाचे, आपलं इंग्रजी तेवढंच." सदा, हे मला मुळीच पटलेलं नाही. अडचण इंग्रजी कमी असण्याची नाही, बघण्याच्या पद्धतीची आहे.

न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्सचं उदाहरण घे. २०१५ मध्ये त्याने फ्रेंच स्क्रॅबलचं (सोंगट्यांवरच्या अक्षरांतून शब्द मांडायचा तो खेळ) जागतिक अजिंक्यपद मिळवलं तेव्हा त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं. आधीचे काही आठवडे त्याने फ्रेंच शब्दांच्या याद्या डोळ्यांखालून घातल्या होत्या, एवढंच. २०२४ मध्ये स्पॅनिशचंही अजिंक्यपद त्याने जिंकलं. त्याची स्मरणशक्ती लाखात एक, त्या वाटेने आपण जाऊ शकत नाही आणि मला जायचंही नाही. अर्थ माहीत नसलेला शब्द मांडून मला समाधान मिळणार नाही. पण भाषा बोलता येणं आणि अक्षरांतून शब्द दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या माणसाने जगाला दाखवून दिलं.

आता आपली खरी अडचण सांगतो. आपण इंग्रजी शब्द कानाने साठवले. 'एज्युकेशन' म्हटलं की मनात शेवटी 'शन' वाजतं, दोन अक्षरांत संपतं. पाटीवर 'शन' कुठेच नसतं. तिथे टी, आय, ओ, एन अशी चार अक्षरं चार ठिकाणी विखुरलेली असतात. आपल्या लिपीत स्वर मात्रा होऊन व्यंजनाला बिलगतो; इंग्रजीत तो आपली स्वतंत्र जागा घेऊन बसतो. म्हणून नऊ सुटी अक्षरं समोर आली की आपला कान गप्प होतो, आणि डोळ्यांना तर आपण कधी शिकवलेलंच नसतं.

तेव्हा डोळ्यांना शिकवायचं. अक्षरं लागली की अख्खा शब्द शोधायला जाऊ नकोस, आधी त्याचं शेपूट शोध. टी-आय-ओ-एन आहे का? आय-एन-जी आहे का? ई-डी, ई-आर, आय-ई-एस-टी? जे सापडेल ते बाजूला काढायचं आणि उरलेल्यांकडेच बघायचं. पाच अक्षरांचा गोंधळ नऊ अक्षरांच्या गोंधळापेक्षा कितीतरी लवकर सुटतो. समज, ए, सी, डी, ई, आय, एन, ओ, टी, यू ही नऊ आली. टी-आय-ओ-एन बाजूला काढलंस तर ए, सी, डी, ई, यू उरतात आणि 'एज्युकेशन' समोर उभा राहतो. त्याऐवजी ई-डी काढलंस तर उरलेल्या सातांतून 'कॉशन' निघतो, 'ऑक्शन'ही निघतो. दोघांना ई-डी जोड. त्याच नऊ अक्षरांत तीन शब्द दडलेले, आणि नऊच्या नऊ वापरल्याचे अठरा गुण! हे मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा किती आनंद झाला होता, तुला कसं सांगू.

शेपूट सापडलं नाही तर अक्षरं वेगळ्या क्रमाने कागदावर लिही. गोलात लिही, किंवा सरळ वर्णक्रमाने लाव. स्क्रॅबल खेळणारे या वर्णक्रमाच्या मांडणीला अल्फाग्राम म्हणतात. संगणकालाही हीच युक्ती शिकवतात: प्रत्येक शब्दाची अक्षरं क्रमाने लावून ठेवली की 'लिसन' आणि 'सायलेंट' दोन्ही ई, आय, एल, एन, एस, टी होतात, आणि जोडी आपोआप जुळते. अशाच शोधातून 'सिनेमॅटोग्राफर' आणि 'मेगाकायरॉप्टेरन' ही जोडी सापडते. एक चित्रपटाचा छायालेखक, दुसरं फळं खाणारं मोठं वटवाघूळ, दोघांत तीच पंधरा अक्षरं. 'कॉन्व्हर्सेशन' आणि 'कॉन्झर्व्हेशन' हीही मोठ्या शब्दांची जोडी आहे, पण त्यात दोनच अक्षरांनी जागा बदलल्या आहेत. वटवाघळाच्या जोडीत जवळजवळ सगळंच विस्कटून नव्याने मांडलं गेलंय, म्हणून ती मला श्रेष्ठ वाटते.

आता नातवाचा दुसरा खेळ. पुढच्या गाडीच्या नंबरप्लेटवरची शेवटची तीन अक्षरं घ्यायची आणि ती तिन्ही ज्यात आहेत असा लांबात लांब शब्द काढायचा. इथे बाकी अक्षरं कुठलीही चालतात, त्यामुळे रीत बदलते. सुरुवात सगळ्यांत दुर्मीळ अक्षरापासून करायची. दुर्मीळ कुठलं, हे आल्फ्रेड बट्सने आपल्यासाठी मोजून ठेवलंय. मंदीत काम गेलेला हा अमेरिकन वास्तुरचनाकार वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजत बसला आणि त्यातून पुढे स्क्रॅबल झाला. शंभर सोंगट्यांत ई बारा. पण जे, के, क्यू, एक्स, झेड एकेकच. (तुमच्या तिकडच्या त्या तीन अक्षरांत आय आणि क्यू नसतात, तेवढी दोन सोडून दे.) जे आणि झेड दोन्ही आले की फार थोडे शब्द उरतात, त्यात 'जेपर्डाइझ' आहे. एक्स, वाय, झेड एकत्र दिसले तर घाबरू नकोस, खाज आल्यावर डॉक्टर देतात त्या 'हायड्रॉक्सिझीन'मध्ये ते तिघं शेजारी शेजारी, त्याच क्रमाने बसलेत. व्ही, डब्ल्यू, एम आले तर 'ओव्हरव्हेल्म' घे. मग तो वाढव: आय-एन-जी लावलं की बारा अक्षरं, एल-वाय लावलं की चौदा. छोटा शब्द धरायचा आणि दोन्ही टोकांनी ओढायचा, लांबी अशी मिळते.

फुप्फुसाच्या आजाराचं म्हणून जे पंचेचाळीस अक्षरी नाव सांगतात, ते मात्र मला आवडत नाही. १९३५ च्या सुमारास अमेरिकेतल्या कोड्यांच्या शौकिनांनी ते लांबीसाठीच घडवलं. त्यापेक्षा 'सबकॉन्टिनेंटल' बघ. कुणी मुद्दाम न घडवता त्यात पाचही स्वर आलेत, प्रत्येकी एकदा आणि बरोबर उलट्या क्रमाने: यू, ओ, आय, ई, ए.

तर सदा, माध्यमाचं दुखणं आता सोड. आपण शाळेत संधी सोडवायला शिकलो, समास फोडायला शिकलो. शब्द तुकड्यांनी बनतो हे आपल्याला लहानपणीच कळलं होतं, ते इथेही वापर.

तुला एक काम देतो. जे, एक्स, पी ही तीन अक्षरं घे. तेरा अक्षरांचा शब्द हवा. शेवट टी-आय-ओ-एन आहे. उत्तर पुढच्या पत्रात लिही, फोनवर सांगू नकोस. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ